‘विद्यार्थी-खेळाडू’: एका शब्दाची कुळकथा

काही शब्द वस्तुस्थिती सांगण्यासाठी नव्हे, तर ती झाकण्यासाठी घडवले जातात. अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमधला ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा त्यातलाच. १९५५ साली कोलोरॅडोत रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगारांना मिळते तशी भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू नोकर ठरू नये म्हणूनच एनसीएएने हा शब्द रुजवला, अशी कबुली तिचे माजी कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात दिली.

पैसा तेव्हाही होताच, पण चोरवाटेने. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याबद्दल सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७ चा अख्खा हंगाम रद्द झाला. १ जुलै २०२१ पासून मात्र खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रतिमा जाहिरातींसाठी विकण्याची मुभा मिळाली, आणि कालचे पाप भरतीचे राजमान्य साधन बनले. धनिक पाठीराख्यांनी निधी उभारले. शाळकरी खेळाडूला आकडे दाखवून ओढणे सुरू झाले. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांनाही थेट वाटपाची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

याला अधःपतन म्हणणाऱ्यांनी एवढेच आठवावे, की बाजार जुनाच आहे. खेळाडूला त्यात वाटा तेवढा नव्हता. आता त्याच्या नावाला किंमत आली. पण डेनिसनच्या पत्नीने विचारलेला प्रश्न नावाचा नव्हता, देहाचा होता. तो अजून अनुत्तरितच आहे.