मिरची पूड, दोर आणि पाचवा माणूस

आपल्या जिल्ह्यात पेपर वाचणाऱ्या कोणालाही ही बातमी तोंडपाठ आहे. "दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद". जागा कधी वणी रोड, कधी दारव्ह्याकडचा एखादा नाका, कधी हायवेवरचा बंद पडलेला ढाबा. पाच जण ताब्यात, दोघं अंधाराचा फायदा घेऊन पसार. मुद्देमालात कोयता, लोखंडी टामी, नायलॉनचा दोर आणि मिरची पूड. मिरची पुडीशिवाय ही बातमी पूर्णच होत नाही, इतकी ती ठरून गेली आहे.

त्यावर चहाच्या टपरीवर हमखास एक प्रश्न निघतो. चोरी झालीच नाही, कोणाला मारलं नाही, कोणाचा एक रुपया गेला नाही, मग हा दरोडा कसला? प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागं जावं लागतं. लांब लिहितोय, सवडीनं वाचा.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण आपण पेपरवाले आणि गावकरी दोघंही ते कसेही वापरतो. न विचारता वस्तू उचलली तर ती चोरी. उचलताना मारहाण केली, मारायची भीती घातली, तर ती जबरी चोरी. आणि हीच जबरी चोरी पाच किंवा जास्त लोकांनी मिळून केली की तिचं नाव दरोडा. चार जण असतील तर जबरी चोरी, पाचवा माणूस आला की दरोडा. बाहेर उभं राहून पहारा करणाराही मोजणीत येतो. नुसता प्रयत्न केला, हाती काहीच लागलं नाही, तरी दरोडाच. आता "पाच ताब्यात, दोन पसार" हा आकडा बातमीत एवढा नेमानं का येतो, ते लक्षात आलं असेल.

शिक्षेतला फरकही मोठा. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत. तीच रात्री, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, महामार्गावर केली तर चौदापर्यंत. (वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या पट्ट्यात रात्री ट्रक चालवणाऱ्यांसाठी हे कलम जणू मुद्दाम लिहिलंय असं वाटतं; पण ते लिहिलं तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या होत्या.) दरोड्याला थेट जन्मठेपेपर्यंत. दरोड्यात कोणाचा खून झाला, तर पाचातल्या एकानं केलेल्या खुनासाठी पाचही जणांना फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्राणघातक शस्त्र वापरलं तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देताच येत नाही. इथं "वापरलं" म्हणजे वार केलाच पाहिजे असं नाही. १९७५ साली दिल्लीच्या एका पेट्रोल पंपाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की समोरच्याला दिसेल, धाक बसेल असं शस्त्र हातात धरलं तरी तो वापरच. पण ही सात वर्षांची अट ज्याच्या हातात शस्त्र होतं त्यालाच लागते, शेजारी उभ्या असलेल्या रिकाम्या हाताच्या माणसाला नाही.

आता तयारीचा प्रश्न. कायदा सहसा तयारीला हात लावत नाही. एखाद्यानं शेजाऱ्याला मारायचं म्हणून कुऱ्हाड परजून ठेवली, तर तेवढ्यावरून खुनाचा गुन्हा होत नाही. दंड संहितेत ज्या थोड्या गुन्ह्यांची नुसती तयारीही शिक्षेला पात्र आहे, त्यात सरकारविरुद्ध युद्ध पुकारणं आहे आणि दरोडा आहे. राजद्रोही आणि दरोडेखोर एका रांगेत. हे इंग्रजांनी का केलं?

कारण ते ज्या देशात राज्य बसवत होते, तिथले रस्ते त्यांच्या हातात नव्हते. १८३० च्या दशकात जबलपूरला बसून स्लीमननं ठगांचा बंदोबस्त सुरू केला. तेव्हाची अडचण अशी की ठरावीक खुनाचा ठरावीक माणसाविरुद्ध पुरावा मिळत नसे. मग १८३६ साली कायदाच असा केला की अमुक खून केला हे सिद्ध करायची गरज नाही, ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. पुरावा बहुतेक माफीच्या साक्षीदारांचा. १८४३ साली हाच साचा दरोडेखोरांच्या टोळ्यांना लावला. पुढं १८६० ची दंड संहिता आली, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली, आणि "टोळीचा सदस्य असणं" हा गुन्हा तिच्यात कायमचा बसला. माणसानं काय केलं, यापेक्षा तो कोणाबरोबर राहतो, हे विचारायची सवय तिथून लागली.

१८७१ साली या सवयीचा कळस झाला. गुन्हेगार जमाती कायदा आला. सुरुवातीला तो उत्तरेकडं होता, १९११ साली देशभर लागू करता येईल असा केला, १९२४ साली पुन्हा आवळला. जमात जाहीर झाली की तिच्यात जन्मलेल्याचं नाव नोंदवहीत. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. जमात गुन्हेगार ठरवणाऱ्या जाहीरनाम्याला कोर्टात आव्हान देता येत नसे. १९२४ च्या कायद्यात तर असं कलम होतं की नोंदलेला माणूस चोरी किंवा लूट करायच्या बेतात आहे असं वाटण्यासारख्या परिस्थितीत कुठं सापडला, तर तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी झालेली असायची गरज नाही. बातमीतली मिरची पूड आणि दोर आठवा. हा "बेतात असण्याचा" नातेसंबंध जुना आहे.

आपल्या वऱ्हाडाचं तेव्हा वेगळंच त्रांगडं होतं. मुलूख निजामाचा, १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. आपला जिल्हा आधी आग्नेय वऱ्हाड, मग वणी जिल्हा, आणि १९०५ पासून यवतमाळ. याच काळात इथल्या फिरत्या माणसांची पोटापाण्याची वाट बंद होत गेली. बंजारा समाजाचे तांडे शतकानुशतकं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहत होते. मोठमोठ्या फौजांची रसद त्यांनी पोचवली. सडका झाल्या, रेल्वे आली, कापूस वाहायला आपली शकुंतलाही यवतमाळपर्यंत आली, आणि तांड्यांचा धंदा बसला. पारध्यांचं जगणं शिकारीवर. जंगल खात्यानं जंगलं बंद केली, आणि उरलंसुरलं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गेलं. मी जंगल वाचवण्याच्या विरोधात नाही, टिपेश्वरच्या वाघांबद्दल मीच कितीदा लिहिलंय. पण ज्याचा धंदा कायद्यानं काढून घेतला, त्याला दुसरा देण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, हेही लिहायला पाहिजे.

१९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. त्यात या समाजांची गाणी आहेत, लग्नाच्या रीती आहेत, आणि त्याच ओघात त्यांच्या चोऱ्या-दरोड्यांची वर्णनंही आहेत. म्हणजे माणसाचा पोशाख, देव आणि "गुन्हा" एकाच रकान्यात. साहेब गेला, रकाना राहिला.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर रद्द झाला. म्हणून तर "विमुक्त" हा शब्द आहे, आणि ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. आपल्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीच्या तांड्यात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांवर राज्याचे मुख्यमंत्री राहिले. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आहे, हे अनेकांना नाईकसाहेबांचं नाव घेताना आठवतही नाही. पण गुन्हेगार जमाती कायदा जाताच त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. आता जमातीऐवजी माणूस नोंदवायचा होता. कागदावर फरक मोठा आहे. बेड्यावर तो किती पोचला, हे बेड्यावर जाऊन विचारावं.

या सगळ्याचं टोक पाहायचं असेल तर नाशिकजवळचा २००३ चा खटला पाहा. ५ जूनच्या रात्री शेतातल्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, त्यातल्या एका अल्पवयीन मुलीवर बलात्कार झाला. ऐकूनच अंगावर काटा यावा असा गुन्हा. भटक्या समाजातले सहा गरीब मजूर आरोपी झाले. २००६ साली सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. २००७ साली उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. नंतर कळलं की त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. पुढं फेरविचार अर्ज पुन्हा ऐकायला घेतले गेले, आणि ५ मार्च २०१९ ला न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या खंडपीठानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत गेली होती.

का सोडलं ते महत्त्वाचं. वाचलेल्या साक्षीदारानं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं या सहांपैकी नव्हती. त्या चौघांकडं तपास वळलाच नाही. न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं आणि तपासात कसूर करणाऱ्यांची चौकशी करायला सांगितली. सोळा वर्षांत मेलेल्या माणसांच्या घरच्यांनी किती वेळा "न्याय झाला" असं ऐकलं असेल, आणि २०१९ ला त्यांच्या हाती काय राहिलं? खोट्या माणसाला धरलं की खऱ्याला आपोआप सूट मिळते. हे मी पोलिसांना शिव्या द्यायला लिहीत नाहीये. रात्री-बेरात्री एखाद्या बीटचा हवालदार काठी घेऊन शस्त्रधारी टोळीसमोर जातो, ते काम सोपं नाही.

आज १ जुलै २०२४ पासून जुन्या ३९५ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१० आहे, जबरी चोरीला ३०९, शस्त्र वापरण्याला ३११. आकडे बदलले, पाचचा हिशेब तोच. तयारीला दहा वर्षांपर्यंत, दरोड्यासाठी नुसतं जमण्याला सात वर्षांपर्यंत. कोणाच्या घरचं पोर अशा गुन्ह्यात अडकलंच, खरं असो की खोटं, तर चार गोष्टी धरून ठेवा. खटला सत्र न्यायालयात चालतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, तो हक्क आहे, उपकार नाही. दरोड्याच्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन मागता येतो, पण अर्ज वेळेवर करावा लागतो. आणि ओळख परेडच्या आधी आरोपीचा चेहरा साक्षीदाराला दाखवला गेला, किंवा फोटो पेपरात छापला, तर त्या परेडची किंमत कोर्टात उतरते. म्हणून तोंडाला कापड बांधतात, लाजेखातर नाही.

आकड्याचंही एक सांगतो. पाचांवर आरोप असेल आणि खटल्यात चार निर्दोष सुटले, तर उरलेल्या एकट्याला दरोड्याची शिक्षा टिकत नाही. न सापडलेले आणखी लोक बरोबर होते हे सिद्ध व्हावं लागतं, सर्वोच्च न्यायालयानं १९८३ सालीच तसं म्हटलंय. बातमीतले "दोन पसार" तिथं कोर्टात पुराव्यानिशी उभे करावे लागतात.

आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला, सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातल्या जातीनिहाय कामवाटपाचे नियम रद्द केले, विमुक्त जमातींना जन्मानं गुन्हेगार धरणारी तुरुंग नियमावल्यांमधली भाषा काढायला लावली, आणि या समाजातल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी अटकेचे नियम पाळावेत असंही सांगितलं. नवीन संहितेतून ठगाचं कलम गेलं, दीडशे वर्षांवर ते तिथं पडून होतं. टोळीचा सदस्य असण्याचं कलम मात्र राहिलं आहे, ३१० चं सहावं पोटकलम, शिक्षा जन्मठेपेपर्यंत.