टिळक, लक्ष्मीबाई

टिळक, लक्ष्मीबाई : (१८६८–२४ फेब्रुवारी १९३६). मराठी आत्मचरित्रकार व ख्रिस्ती कवयित्री. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. जन्म नाशिक जिल्ह्यातील जलालपूर येथे, कडक सोवळे पाळणाऱ्या घरात. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह (→ टिळक, नारायण वामन). शाळा मिळाली नाही. अक्षरओळख पतीकडून झाली.

१८९५ मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. यातील काही काळ पंढरपुरात, मुलगा देवदत्त (दत्तू) याच्यासह. पुढे पतीकडे परतल्यावरही सोवळे लगेच सुटले नाही. जातिभेद माणसांनी निर्माण केला आहे हे पटल्यावर त्यांनी तो आधी आचरणातून काढला आणि मग, १९०० मध्ये, बाप्तिस्मा घेतला. हा क्रम त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप सांगतो : ती उसनी नव्हती.

अहमदनगर येथील वास्तव्यात त्यांनी अनाथ मुले घरी सांभाळली, प्लेगच्या छावणीत रुग्णसेवा केली. पतीच्या निधनानंतर (१९१९) काही वर्षे कराचीत वास्तव्य.

स्मृतिचित्रे (४ भाग, १९३४–३६) हे त्यांचे आत्मचरित्र बोलीच्या सहज वळणाने लिहिलेले असून मराठी आत्मचरित्रवाङ्मयात त्याचे स्थान अढळ आहे (→ आत्मचरित्र). पतीने अपुरे ठेवलेले ख्रिस्तायन हे महाकाव्य त्यांनी ६४ अध्याय रचून पुढे नेले. ते पूर्ण केले मुलगा देवदत्त यांनी. भरली घागर हा त्यांचा काव्यसंग्रह.