मागेन आबोथ: अलिबागच्या इस्रायल आळीतले सिनेगॉग

अलिबागला समुद्रकिनारा आणि कुलाबा किल्ला पाहायला दरवर्षी हजारो पर्यटक जातात. त्याच गावात ‘इस्रायल आळी’ नावाची एक वस्ती आहे आणि तिथे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग आहे. त्याचे नाव मागेन आबोथ. या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘पूर्वजांची ढाल’.

हे ज्यू कोण?

ते बेने इस्रायल, म्हणजे ‘इस्रायलची लेकरे’. समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरले, असे मानतात. ही मंडळी कोकणात तेल गाळण्याचा धंदा करू लागली. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. नवगावकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच आली.

सिनेगॉग कधी बांधले?

बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग सॅम्युअल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधले. अलिबागचे सिनेगॉग १८४८ चे असून १९१० मध्ये ते नव्याने बांधण्यात आले. प्रार्थना जेरुसलेमच्या दिशेला तोंड करून म्हणतात. त्यामुळे हस्तलिखित तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचे कपाट आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीला असते. समाजातले जुने लोक सिनेगॉगला मराठीत ‘मशीद’ही म्हणत. मुंबईच्या मस्जिद स्टेशनचे नाव दिवेकरांच्या सिनेगॉगवरून पडले, असे सांगितले जाते.

आता अडचण काय?

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले. तिथे सुरुवातीला त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे तिथल्या सरकारने स्पष्ट केले. इकडे कोकणातली सिनेगॉग मात्र ओस पडत गेली. परंपरेनुसार सामूहिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष लागतात. याला ‘मिन्यान’ म्हणतात. दहा जण जमले नाहीत, तर तोराचे जाहीर वाचन होत नाही. अलिबागमध्ये आता मोजकीच कुटुंबे उरली असल्याने दहाचा हा आकडा गाठणे हाच खरा प्रश्न आहे.

मग टिकले काय?

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, प्रकट झाला अशी श्रद्धा आहे. तिथे नवस फेडायला मुंबईहून आणि इस्रायलहूनही कुटुंबे येतात. नवस फेडताना पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळांचा ‘मलिदा’ करतात. इस्रायलमध्ये वाढलेली नातवंडेही मलिद्याला मलिदाच म्हणतात.