होडीची बिल्टी आणि लाखभर बैल

परवा मामाचा फोन आला. मामा अकोला जिल्ह्यातला. धरणाच्या पाण्यावर मासेमारीचं काम करणाऱ्या चौघांचा भागीदार. वऱ्हाडात होडी विकत मिळणं म्हणजे कोकणात संत्र्याचा बगीचा शोधणं, त्यामुळे या मंडळींनी रायगड जिल्ह्यातून एक वापरलेली फायबरची होडी घेतली. अठरा फूट लांब, किंमत एक लाख चाळीस हजार. चौघांनी पैसे जमवले, त्यात एकानं बायकोची पोत गहाण ठेवली. होडी बघून आले, पाण्यात उतरवून आले, ठोकून-वाजवून आले. सगळं नीट बघितलं. एक गोष्ट सोडून : ती अकोल्याला येणार कशी.

अठरा हजारात एका ट्रान्सपोर्टवाल्यानं हो म्हटलं. होडी निघाली एका ट्रकवर, वाटेत कुठंतरी उतरवून दुसऱ्यावर चढवली, आणि अकोल्यात पोचली तेव्हा लोखंडी पाइपांसोबत बांधलेली होती. तळाला हातभर चीर. मामानं विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, मी तर मधूनच भरली, मले काय विचारता? ऑफिसात गेले, तर तिथल्या माणसानं बिल्टीच्या मागे बोट ठेवलं. बारीक इंग्रजीत छापलं होतं, ‘ॲट ओनर्स रिस्क’. म्हणजे जोखीम मालकाची.

‘‘आता काय करतं बे? सही तं मीच केली होती,’’ मामा म्हणाला. ‘‘तू इंजिनेर आहेस, पाह्य जरा कायद्यात काय लिवलं हाये ते.’’

इंजिनेर आणि कायदा यांचा काय संबंध हे मामाला समजावून सांगणं शक्य नव्हतं. आमच्या घरात कॉम्प्युटर चालवणाऱ्याला सगळं येतं असा समज आहे :) पण विकांत मोकळा होता, म्हणून शोधत बसलो. शोधता शोधता कायद्यावरून इतिहासात घसरलो आणि रविवार संपला. त्याचाच हा वृत्तांत.

तर मंडळी, भाड्यानं माल पाठवायचा आणि तो फुटला-बुडाला-चोरीला गेला तर कोणी सोसायचं, हा प्रश्न वऱ्हाडाला नवा नाही. उलट जगात फार थोड्या प्रदेशांना तो आपल्याइतका मोठ्या प्रमाणात पडला असेल. कारण आपल्याकडे होता कापूस. आणि कापसाचं गिऱ्हाईक होतं शेकडो कोस लांब.

आज आपण कापूस म्हटलं की मुंबई म्हणतो. पण रेल्वेच्या आधी अमरावतीच्या कापसाची एक मोठी वाट उत्तरेला जायची, गंगेकाठच्या मिर्झापूरला. सुमारे पाचशे मैल, म्हणजे आठशे किलोमीटर, बैलांच्या पाठीवरून. मिर्झापूरला तो होड्यांत भरायचा आणि गंगेतून कलकत्त्याला. (बघा, होडी इथेही आलीच.) गॅझेटियरात एक नोंद आहे, की १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानं या वाटेनं एक लाख बैल-ओझी कापूस पाठवला. आकडा इतका गोल आहे की मला थोडा संशय येतो. गॅझेटियरवाले स्वतःही ‘असं सांगतात’ म्हणूनच देतात. पण निम्मा धरला तरी गंमत करून बघा. एका बैलावर साधारण शंभर किलो धरले, तर लाख ओझी म्हणजे दहा हजार टन. दहा टनी हजार ट्रक. बैलांचा तांडा दिवसाला दहा-अकरा किलोमीटर चालायचा, म्हणजे अडीच महिने नुसती वाट.

त्या अडीच महिन्यांत काय काय व्हायचं त्याची वर्णनं इंग्रजांनी करून ठेवली आहेत. मागचा बैल पुढच्या बैलाच्या पाठीवरचा कापूस खात खात चालायचा. वाटेतली धूळ कापसात बसायची. अवेळी पाऊस आला की कापूस पाणी प्यायचा, ओझं वाढायचं, आणि आपली काळी माती तुम्हाला माहीतच आहे, चिखलात बैल बसले की उठायचे नाहीत. त्या काळात ‘आमच्याकडे रेल्वे करा’ म्हणून लंडनमध्ये धडपडणारे लोक या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत. जी.आय.पी. रेल्वेच्या मागे लागलेल्या जॉन चॅपमननं १८५१ साली हिंदुस्थानच्या कापसावर अख्खं पुस्तकच लिहिलं. त्याला रेल्वेचे शेअर खपवायचे होते हे लक्षात ठेवून वाचावं, पण कापूस ओला व्हायचा हे खोटं नव्हतं.

आणि ओला नेहमी पावसानंच व्हायचा असंही नाही. वाटेत थोडा काढून घ्यायचा आणि वजन भरायला पाणी किंवा माती मारायची ही युक्ती जुनी. कापसात भेसळ इतकी माजली की मुंबई सरकारनं १८६३ साली त्याविरुद्ध खास कायदा केला. आता भेसळ शेतकऱ्यानं केली, अडत्यानं केली की वाहणाऱ्यानं, हे मुंबईच्या बंदरावर उभं राहून कोण सांगणार? मधल्या एका सर्व्हरवर डेटा बिघडला की आमच्या टीममध्ये जो तमाशा होतो, तोच हा. प्रत्येक जण म्हणतो, माझ्याकडून बरोबर गेलं होतं. मामाचा ड्रायव्हरही तेच म्हणाला ना.

मग लोक माल पाठवायचे तरी कुठल्या भरवशावर?

इथे मला खरा खजिना सापडला. आपल्याकडे हुंडेकरी नावाचा धंदा होता. आज आपल्याला हुंडेकरी हे आडनाव म्हणून माहीत असतं, आणि महाराष्ट्रात काही बाजारपेठांत रेल्वेच्या मालधक्क्यावरून माल हलवणाऱ्यांना अजूनही हुंडेकरी म्हणतात. हुंडा म्हणजे इथे ठोक करार. (लग्नातला नव्हे, जरी तोही ठोकच असतो!) व्यापारी हुंडेकऱ्याला सांगायचा, अमुक माल तमुक गावी पोचव, एकच रक्कम घे. बैलांचं भाडं, वाटेतल्या जकाती, राहदारी, चौक्यांवरची देणी, सगळं हुंडेकऱ्याच्या गळ्यात. वाट निजामाच्या मुलखातून, भोसल्यांच्या मुलखातून, जागिरदारांच्या नाक्यांवरून जाताना हे किती डोकेदुखीचं असेल विचार करा. त्यावर वेगळे पैसे मोजले की विमाही मिळायचा. विमा हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही हे मला माहीतच नव्हतं. तो फारसीतून आला, त्याच्या मुळाशी ‘बीम’ म्हणजे भीती आहे. भीतीची किंमत ठरवून ती विकायची. याहून प्रामाणिक नाव एलआयसीलाही सुचलं नसतं.

आणि त्याहून सरस म्हणजे जोखमी हुंडी. साधी हुंडी म्हणजे अमुक दिवशी अमुक रक्कम द्या अशी चिठ्ठी. जोखमी हुंडीत एक अट जास्त : माल पोचला तरच पैसे. समजा मी होडीत माल भरला. तो घेणाऱ्या व्यापाऱ्यावर मी हुंडी लिहिली आणि ती एका सावकाराला विकली. सावकारानं मला लगेच पैसे दिले, थोडे कापून. होडी पोचली तर सावकार पलीकडून पूर्ण रक्कम वसूल करणार. होडी बुडाली तर त्याची हुंडी कागदाचा कपटा, माझ्याकडे परत यायचं नाही. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदात! हे मुख्यतः जलवाहतुकीसाठी निघालेलं प्रकरण. पण त्यातली अक्कल बघा. जोखीम कुणाची हे माल निघण्याआधी ठरलेलं, त्याचा भाव ठरलेला, आणि तो कागदाच्या पुढच्या बाजूला लिहिलेला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नव्हे.

अर्थात जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यातला मी नाही. ही सोय मोठ्या व्यापाऱ्याला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईकडे पाठवणारे पहिले म्हणून विकाजी आणि पेस्तनजी या पारशी पेढीचं नाव येतं. १८२५-२६ साली त्यांनी पाचशे बैलांवरून एक लाख वीस हजार पौंड, म्हणजे चोपन्न टन कापूस धाडल्याची नोंद आहे. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त १८१८ पर्यंत झाला होता, त्यानंतर अवघ्या सात-आठ वर्षांत. पाचशे बैलांतले वीस मेले तर ही पेढी सहन करू शकत होती. गंमत म्हणजे ही पेढी बुडाली ती रस्त्यावरच्या जोखमीनं नाहीच. निजाम सरकारला कर्ज देऊन बसले, आणि १८४० च्या दशकात ते कर्ज त्यांना घेऊन बुडालं. दहा बैलांचा कापूस पाठवणाऱ्या माणसाला जोखमी हुंडी कोण लिहून देणार होतं? चार भागीदारांना आज कोण देतं?

आणि खुद्द वाहणाऱ्याचं काय? हे बैल हाकणारे बरेचसे बंजारे. पिढ्यान् पिढ्या मीठ, धान्य, कापूस वाहिला. १८६७ साली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, १८७० ला खामगावची आठ मैलांची शाखा लॉर्ड मेयोनं उघडली, पाठोपाठ बडनेरा-अमरावती. तांड्यांचं काम संपलं. वर १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि मोकळ्या हिंडणाऱ्या अनेक समाजांवर शिक्का बसत गेला. ज्यांच्या भरवशावर लाखोंचा माल जायचा, तेच संशयित. यावर खरं तर वेगळा लेख व्हायला हवा. पुढे याच समाजातले पुसदकडचे वसंतराव नाईक अकरा वर्षं मुख्यमंत्री राहिले हेही त्यात यायला हवं. असो.

आता कायदा. इंग्लंडमध्ये जुना नियम होता : जो माणूस भाडं घेऊन कुणाचाही माल वाहतो, तो मालाचा जणू विमेदारच. माल गेला तर त्यानं भरून द्यायचं, त्याची चूक असो-नसो. अपवाद दोनच, देवाची करणी आणि राजाचे शत्रू. मला वाचताना हसू आलं, कारण हे तर आपलं अस्मानी-सुलतानी! इतकं कडक का? १७०३ साली लॉर्ड होल्ट या न्यायाधीशानं कारण सांगून ठेवलंय : नाहीतर गाडीवान चोरांना सामील होईल आणि मालकाला ते कधीच सिद्ध करता येणार नाही. वाटेत काय झालं हे ज्याला माहीत असतं, त्यालाच जबाबदार धरा. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मामाचा ड्रायव्हर दिसला होता म्हणायचा.

हिंदुस्थानात १८६५ साली कॅरियर्स ॲक्ट आला. सोनं-नाणं-रेशीम अशा यादीतल्या वस्तू शंभर रुपयांवर असतील तर किंमत आधी सांगा, नाहीतर भरपाई नाही. बाकी मालाला करार करून जबाबदारी कमी करता येईल, पण हलगर्जी झाली तर सुटका नाही. आणि हलगर्जी झाली हे मालकानं सिद्ध करायची गरज नाही. पुढे इरावती नदीवर आगबोटी चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं १८९१ साली सांगून टाकलं, की इथल्या वाहतूकदारालाही तोच विमेदाराचा नियम. रेल्वे मात्र १८९० च्या कायद्यानं यातून निसटली. ‘रिस्क नोट’ वर सही करा, भाडं कमी घेऊ, जोखीम तुमची. आज ट्रकच्या बिल्टीमागे छापलेल्या त्या दोन शब्दांना ही रेल्वेची वळणं आठवत असावीत असं मला वाटतं. खुद्द रेल्वेत ‘ओनर्स रिस्क’च्या कमी भाड्याची सोय १९६२ नंतरही राहिली.

हे वाचून मी मामाला उत्साहात फोन लावला. सुप्रीम कोर्टानंही २००० साली म्हटलंय, की ‘ओनर्स रिस्क’ लिहिलं म्हणून हलगर्जी माफ होत नाही. मामा खूश. मग मी पुढचं वाचलं आणि गप्प बसलो. १८६५ चा कायदा गेला, त्याच्या जागी २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यात भरपाईला मर्यादा घातली : नियमांप्रमाणे भाड्याच्या दहापट, आणि तीही तुम्ही लिहून दिलेल्या मालाच्या किमतीच्या वर नाही. जास्त हवं असेल तर जादा दर भरून तसं आधी ठरवा. दहापट म्हणजे एक लाख ऐंशी हजार, भरपूर झाले.

‘‘मामा, बिल्टीवर किंमत किती लिहिली आहे?’’

कागदाचा आवाज. मग थोडा वेळ शांतता.

‘‘दहा हजार.’’

‘‘कोणी लिहिली?’’

‘‘त्या बुकिंगवाल्या पोट्ट्यानं. म्हणे लई किंमत लिवली तं कागदं वाढतेत, नाक्यावर अडवतेत. मी म्हटलं लिव बाप्पा काय लिवाचं ते.’’

होडी दुरुस्तीला बत्तीस हजार लागले. अकोल्यात फायबरचं काम करणारा एक जण निघाला, टाक्या आणि गाड्यांचे बंपर दुरुस्त करणारा. त्यानं आयुष्यात होडी पाहिली नव्हती, पण काम बरं केलं. आणखी एक गोष्ट सापडली. दावा लावण्याआधी बुकिंगच्या तारखेपासून एकशे ऐंशी दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावाच चालत नाही. मी दिवस मोजले. एकशे चौदावा चालू होता. त्याच रात्री नोटीस टाइप केली, होडीचे निघतानाचे आणि पोचल्यावरचे फोटो जोडले. निघतानाचा एकच फोटो होता, तोही एका भागीदाराच्या पोरानं होडीत बसून काढलेला, पण त्यात तळाचा तो भाग स्वच्छ दिसतो. मामानं सोमवारी स्पीड पोस्टानं पाठवली.

उत्तर अजून आलेलं नाही. होडी पाण्यात आहे. ठिगळाच्या जागी थोडं पाणी झिरपतं म्हणून आत एक डबडं ठेवलंय, आणि उपसायचं काम ज्यानं बिल्टीवर सही केली त्याच्याकडे दिलंय असं मामी सांगत होती.