पूर्वमतदान व टपाली मतदान (अमेरिकेतील स्थानिक निवडणुका)

मतदानाच्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन किंवा मतपत्रिका टपालाने पाठवून मत देण्याच्या पद्धती. अमेरिकेत महापौर, नगरपरिषद, शाळामंडळ आणि काउंटीचे पदाधिकारी यांच्या निवडणुका राज्यांच्या कायद्यांनुसार होतात. त्यामुळे पूर्वमतदानाचे देशभर लागू असे एकच वेळापत्रक नाही. आपल्या काउंटीच्या किंवा शहराच्या निवडणूक कार्यालयाने जाहीर केलेल्या तारखाच मतदाराने प्रमाण मानायच्या असतात.

इतिहास : यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) काही राज्यांनी छावणीतल्या सैनिकांना तेथूनच मत देण्याची मुभा दिली. पुढे आजारी व परगावी असलेल्या मतदारांनाही ही सवलत मिळू लागली. सरसकट टपाली मतदानाची वाट मात्र स्थानिक निवडणुकांनी घालून दिली. ओरेगन राज्याने १९८१ मध्ये स्थानिक निवडणुकांत त्याची चाचणी घेतली, १९८७ मध्ये त्या निवडणुकांपुरती ती पद्धत कायम केली आणि १९९८ च्या सार्वमतानंतर ती सर्व निवडणुकांना लावली. वॉशिंग्टन, कोलोरॅडो, यूटा, हवाई ही राज्येही नंतर त्याच मार्गाने गेली.

प्रकार : (१) प्रत्यक्ष पूर्वमतदान. नेमून दिलेल्या केंद्रावर ठरावीक दिवसांत मत देता येते. न्यू जर्सीत २०२१ च्या कायद्याने नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी नऊ दिवस मिळाले. पण मे महिन्यात होणाऱ्या नगरपालिका निवडणुकांत ही सोय ठेवायची की नाही, हे त्या त्या नगरपालिकेवर सोपवले. (२) कारण न विचारता दिली जाणारी टपाली मतपत्रिका. (३) सकारण टपाली मतपत्रिका. टेक्ससमध्ये ती ६५ वर्षे पूर्ण झालेले, आजारी वा अपंग, मतदानकाळात काउंटीबाहेर असलेले अशा मोजक्या गटांनाच मिळते.

पद्धत : मतदारयादीत नाव असल्याची खात्री करून काउंटी क्लार्क किंवा तत्सम अधिकाऱ्याकडे मुदतीत अर्ज करावा लागतो, ओरेगनसारख्या राज्यांत मतपत्रिका अर्जाविना घरी येते. मतपत्रिका भरल्यावर ती सूचनेप्रमाणे पाकिटात घालून ठरलेल्या जागी सही करायची असते. अनेक राज्यांत ही सही कार्यालयातील नमुन्याशी ताडून पाहतात. विस्कॉन्सिनमध्ये एका साक्षीदाराची सही लागते. पेनसिल्व्हेनियात आतले गोपनीयतेचे पाकीट वगळल्यास मत बाद ठरते. सहीतली त्रुटी दुरुस्त करण्याची संधी काही राज्ये देतात. त्यासाठी अर्जावर चालू दूरध्वनी क्रमांक असणे उपयोगी पडते.

मुदत : मते वाया जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. विस्कॉन्सिनमध्ये मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत हाती पडावी लागते. उलट ओरेगनमध्ये २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने, मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालशिक्का असलेली पाकिटे नंतरच्या काही दिवसांत पोहोचली तरी स्वीकारण्याची तरतूद केली. अखेरच्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी पाकीट टाकावे, असा टपाल खात्याचा सल्ला आहे. त्याहून उशीर झाल्यास, परवानगी असेल तेथे, ते अधिकृत पेटीत किंवा थेट कार्यालयात द्यावे. स्थानिक निवडणुका बहुधा नोव्हेंबरखेरीज इतर महिन्यांतही येतात (विस्कॉन्सिनमध्ये एप्रिलचा पहिला मंगळवार), त्यामुळे गतवर्षीच्या तारखांवर विसंबणे धोक्याचे असते.

पात्रता : बहुतेक ठिकाणी अमेरिकी नागरिकालाच मत देता येते. मेरिलंडमधील टाकोमा पार्कसारख्या थोड्या शहरांनी शहरपातळीवर बिगरनागरिक रहिवाशांनाही हा हक्क दिला आहे. अमेरिकेतील मराठी भाषकांपैकी ग्रीनकार्डधारक किंवा कामाच्या व्हिसावर राहणाऱ्यांनी मतदारनोंदणीचा अर्ज वरवर पाहून भरू नये. बिगरनागरिकाने बेकायदा मत दिल्यास देशाबाहेर काढले जाण्याचा धोका असतो. भारतीय नागरिकत्व कायम ठेवलेल्यांना भारतातील निवडणुकीत तेथून टपालाने मत देता येत नाही. नाव नोंदवून स्वतः केंद्रावर यावे लागते.

एका निवडणुकीत दोनदा मत देणे गुन्हा आहे. मागवलेली मतपत्रिका आलीच नाही किंवा हरवली, तर कार्यालयाला कळवून दुसरी मागता येते. वेळ उरला नसल्यास केंद्रावर तात्पुरती मतपत्रिका मिळू शकते. आधीचे मत नोंदलेले नाही याची खात्री झाल्यावर ती मोजली जाते.