पैनगंगेकाठचा माग

किनवटचं सागवानी जंगल १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होतं, पुढे ते नांदेडला जोडलं गेलं. या रानात गोंड, कोलाम आणि आंध यांची वस्ती जुनी. वाघाचा माग काढायचा तो पाणवठ्याच्या ओल्या मातीत. नराचा ठसा चौकोनी, मादीचा लांबट. ठसा धूसर असेल तर कान द्यायचा वानरांच्या खेकसण्याकडे. १९७२ ची देशव्यापी व्याघ्रगणनाही अशाच ठशांवर झाली होती. ठशांवरून नेमका आकडा निघत नाही हे पटल्यावर २००६ पासून कॅमेरे आले.

पण खरी गोष्ट 'सी-१' या वाघाची. टिपेश्वर अभयारण्यातल्या या तरुण नराला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली आणि जूनमध्ये तो निघाला. आदिलाबाद, पैनगंगा अभयारण्य, हिंगोली, वाशीम असं करत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेव्हा सुमारे १३०० किलोमीटर झाले होते, पुढे आकडा ३००० च्या वर गेला. कपाशी-सोयाबीनची शेतं आणि वर्दळीचे रस्ते त्याने बहुधा रात्रीच ओलांडले. पायाच्या ठशांवरून एवढी वाट कुणाला जोडता आली नसती.

आफ्रिकेत चिंपांझींचा माग काढणं त्यामानाने ठरलेल्या जागी सुरू होतं. ते रोज संध्याकाळी झाडावर नवं घरटं विणतात, म्हणून वाटाडे पहाटे कालच्या घरट्याखाली जाऊन थांबतात. वाघ असा मुक्काम ठेवत नाही.

लातूरकरांनाही वाघाचं असं दूरवर भटकणं आता परकं नाही. टिपेश्वरचाच आणखी एक नर २०२४ च्या डिसेंबरात शेजारच्या येडशी रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात दिसला.