'डूम' खेळातील व्हिसप्लेन-मर्यादा

संगणकावरील खेळ संथ चालणे आणि तो मध्येच बंद पडणे, हे दोन दोष सामान्यतः भिन्न मानले जातात. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या संस्थेने 10 डिसेंबर 1993 रोजी प्रसिद्ध केलेल्या 'डूम'मध्ये मात्र दोहोंचा संबंध एकाच कोष्टकाशी पोहोचतो.

तत्कालीन 386 व 486 जातीच्या यंत्रांवर वेग राखावयाचा, तर पुष्कळसे गणित आधीच उरकून ठेवणे भाग होते. जॉन कार्मॅक यांनी त्यासाठी फुक्स, केडेम व नेलर यांनी 1980 साली मांडलेल्या, अवकाश पुनःपुन्हा दुभंगीत जाणाऱ्या वृक्षरचनेचा आश्रय केला. भिंतींचा क्रम तीमुळे सहज लागे. जमीन व छत यांची व्यवस्था निराळी होती. उंची, पृष्ठचित्र व प्रकाश समान असलेला दृश्य भाग 'व्हिसप्लेन' म्हणून कोष्टकात नोंदला जाई. नवा भाग दिसताच तशी नोंद पूर्वी झाली आहे काय, हे पाहण्यासाठी प्रोग्राम कोष्टक आरंभापासून चाळी. नोंदी वाढत तसा शोध लांबे. संथपणाचे हे एकमेव कारण नव्हे, पण त्यात त्याची भर पडे. कोष्टकात जागा 128 च होत्या. त्या संपल्या की त्रुटीचा संदेश देऊन खेळ थांबे.

डिसेंबर 1997 मध्ये मूळ संहिता खुली झाली, तेव्हा एक कुतूहलजनक विसंगती दृष्टीस पडली. भिंतींच्या तुकड्यांची मर्यादा 256. ती ओलांडल्यास उरलेले तुकडे मुकाट्याने वगळले जात. पात्रे व वस्तू यांची मर्यादा 128. तेथेही जादा आकृती निमूटपणे गाळली जाई. थांबण्याचा प्रसंग व्हिसप्लेनवरच येई. यांपैकी थांबणे हेच अधिक प्रामाणिक म्हटले पाहिजे; वगळलेल्या भिंतीच्या जागी मागील दृश्याचे अवशेष आरशासारखे उमटत, आणि कारण शोधणारा भलत्याच दिशेस जाई.

नकाशे रचणाऱ्या हौशी मंडळींची खरी अडचण अशी, की संदेश मिळे पण नकाशातील दोषस्थळ कळत नसे. खिडक्या बुजविणे, मध्ये भिंत घालून दृष्टी अडविणे, शेजारच्या दालनांचा प्रकाश सारखा करणे, असे उपाय करून पुन्हापुन्हा चालून पाहावे लागे. पुढे 'डूम बिल्डर' या नकाशा-संपादकास एक जोडणी लाभली. ती कोणत्या स्थळी किती व्हिसप्लेन होतात हे रंगांनी दाखवी.

1998 साली 'बूम' या सुधारित प्रोग्रामने मुळालाच हात घातला. नोंदी अनेक साखळ्यांत विभागल्या आणि जागा गरजेनुसार घेतली. शोध आखूड झाला, मर्यादाही सरली. 128 हा आकडा संहितेत जुन्याच नावाने राहिला, परंतु आता तो साखळ्यांची संख्या सांगू लागला. शब्द टिकून अर्थ पालटावा, हा भाषेतील नित्याचा प्रकार येथेही घडला! उलट 2005 पासूनच्या 'चॉकलेट डूम'ने मूळ वर्तन जतन करण्यासाठी जुनी मर्यादा बुद्धिपुरस्सर ठेवली आहे. मर्यादा ओलांडणारा नकाशा तेथे अद्यापही खेळ थांबवितो.